एकदा छान चढतं, पुढच्या वेळी डावीकडे कोसळतं: कपॅसिटरवरच्या छोट्या फ्री-फ्लाइट विमानाची दुरुस्ती

तक्रार साधारण अशी असते. विमान थर्माकोलचं किंवा डेप्रॉनचं (पातळ फोमच्या पत्र्याचं), पंखांचा विस्तार फूट-सव्वा फूट, नाकात खेळण्यातल्या ड्रोनची चिमुकली मोटर आणि पोटात सुपरकपॅसिटर, म्हणजे बॅटरीच्या जागी झटपट भरणारा आणि झटपट रिकामा होणारा वीजसाठा. रिमोट नाही, सोडलं की ते आपलं आपण उडणार. पहिल्या दिवशी ते सुरेख चढतं, वळत वळत उंची घेतं, मोटर मंदावली की तरंगत खाली येतं. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर, त्याच हाताने सोडलं तर पाच-सहा मीटरवर डावा पंख पाडतं आणि गिरकी घेत नाकावर आपटतं. मग रडर, म्हणजे शेपटीवरचं उभं सुकाणू, जरा उजवीकडे वाकवला जातो. एक उड्डाण बरं होतं. त्यानंतरच्या वेळी नाक वर करून लटकतं आणि शेपटीकडे घसरतं, म्हणून नाकात मातीचा गोळा चिकटवला जातो. आता ते चढतच नाही. अंधार पडेपर्यंत इतके बदल झालेले असतात की मूळ दोष कुठला होता हे कुणालाच सांगता येत नाही.

माझं मत असं, की या तक्रारीत दोष बहुतेक वेळा विमानाच्या बांधणीत नसतो. प्रत्येक उड्डाणाला मोटरला वेगळा व्होल्टेज मिळतो, आणि आपण दर वेळी जणू एका वेगळ्याच विमानाला ट्रिम करत, म्हणजे नीट उडावं म्हणून जुळवत बसतो. म्हणून कात्री आणि माती हातात घेण्याआधी मल्टीमीटर घ्या.

आकड्यांसाठी एक नमुना समोर ठेवू. विस्तार ३५ सेंटिमीटर, पंखाची रुंदी ७.५ सेंटिमीटर, सगळं मिळून वजन १४ ग्रॅमच्या आसपास, ६ मिलिमीटर व्यासाची कोरलेस मोटर, ५५ मिलिमीटरचा प्रोपेलर आणि १० फॅराड, २.७ व्होल्टचा कपॅसिटर. असं विमान सेकंदाला साधारण ४ मीटर वेगाने उडतं. अल्फॉन्स पेनॉ यांनी १८७१ साली पॅरिसच्या त्युलरी बागेत रबराच्या पिळावर ११ सेकंद उडवून दाखवलेलं विमान १६ ग्रॅमचं होतं, म्हणजे आपण त्याच मापात खेळतो आहोत. रबरावर उडवणाऱ्यांची जुनी शहाणीव इथे जशीच्या तशी लागू पडते.

आधी मोटरला मिळणारा जोर. कपॅसिटरमधली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. १० फॅराडचा कपॅसिटर २.५ व्होल्टला भरला तर त्यात सुमारे ३१ ज्यूल असतात, आणि व्होल्टेज निम्म्यावर येईपर्यंत त्यातले तीन चतुर्थांश संपलेले असतात. मोटरचे फेरे ढोबळमानाने व्होल्टेजच्या प्रमाणात. प्रोपेलरची ओढ आणि त्याची उलट पिळवट (तो एका दिशेने फिरताना विमानाला उलट दिशेने पिळणारा जोर) फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात, तर लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणून २.७ ऐवजी २.३ व्होल्ट भरले गेले, तर मीटरवरचा फरक किरकोळ दिसतो, पण शक्ती साठ टक्क्यांच्या आसपास उरते. ते विमान चढणार कसं?

उलट बाजूही तितकीच खरी, आणि कोसळण्याचं कारण बहुधा तिथे असतं. मैदानावर चार्जिंगसाठी बहुतेक जण दोन पेन्सिल सेलचा होल्डर वापरतात. अर्धे वापरलेले अल्कलाइन सेल असतील तर कपॅसिटर अडीच-पावणेतीन व्होल्टला थांबतो आणि सगळं जुळून येतं. ते सेल संपतात, नवी जोडी येते. नव्या अल्कलाइन जोडीचा व्होल्टेज ३.२ पर्यंत असू शकतो. २.७ व्होल्टच्या कपॅसिटरला हे घातक आहेच, शिवाय मोटरची पिळवट २.७ च्या तुलनेत चाळीस टक्क्यांनी वाढते. काल ज्या विमानाला हलका डावा कल होता, ते आज सरळ डावीकडे लोळतं. ‘नवीन सेल टाकले आणि विमान बिघडलं’ असं कुणी म्हणालं तर मी तरी आणखी काही विचारत नाही.

निकेल मेटल हायड्राइडचे दोन सेल त्यातल्या त्यात बरे, तेही ताजे चार्ज केलेले असतील तर सुरुवातीला थोडे चढे असतात. सगळ्यात चांगलं म्हणजे व्होल्टेज ठरवता येणारं छोटं बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारं तयार सर्किट) २.५ व्होल्टला लावून ठेवणं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत ते सहज मिळतं. रिकामा कपॅसिटर मॉड्यूलला शॉर्टसर्किटसारखाच दिसतो, म्हणून मध्ये २.२ ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर घाला. सुरुवातीला एक अँपिअरच्या थोडा वर प्रवाह जातो, रेझिस्टर गरम होतो, ते ठीक आहे. २.२ ओहम आणि १० फॅराडचा हिशेब २२ सेकंदांचा येतो. एका मिनिटात ९३-९४ टक्के, दोन मिनिटांत जवळजवळ पूर्ण. घाईने अर्ध्या मिनिटात काढाल तर तीन चतुर्थांशच व्होल्टेज मिळेल. चार्जिंगला लागणारी ही दोन मिनिटं दर वेळी सारखीच ठेवा.

आणखी एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. झटपट भरलेल्या सुपरकपॅसिटरचा व्होल्टेज चार्जर काढल्यावर आपोआप थोडा उतरतो, कारण चार्ज आतल्या सच्छिद्र कार्बनमध्ये अजून पसरत असतो. चार्जर लावलेला असताना दिसणारा आकडा म्हणून फसवा. मोजायचं ते चार्जर काढून, विमान सोडण्याच्या अगदी आधी. हे मोजमाप आणि त्या उड्डाणाचं वागणं एका वहीत शेजारी शेजारी लिहा. पाच-सहा ओळी झाल्या की बेभरवशाचं वाटणारं विमान किती शिस्तीत वागत होतं ते दिसेल.

कपॅसिटरच्या अंगावर पट्टा असतो ती ऋण बाजू. उलटा जोडू नका.

व्होल्टेज पक्का झाला की मोटर बंद ठेवून ग्लाइड, म्हणजे नुसतं तरंगत उतरणं, बघायचा. संध्याकाळी वारा पडल्यावर किंवा पहाटे, गवतावर, खांद्याच्या उंचीवरून, नाक क्षितिजाच्या किंचित खाली ठेवून, विमानाच्या स्वतःच्या वेगाने पुढे सोडायचं. भिरकवायचं नाही. भिरकावलेलं विमान वर जाऊन स्टॉल होतं, म्हणजे पंखाचा उचल संपून खाली पडतं, आणि माणूस नाकात वजन घालतो. दीड मीटर उंचीवरून सहा-सात मीटर पुढे शांतपणे उतरलं तर इतक्या छोट्या विमानासाठी ते उत्तम. उड्या मारत गेलं तर तोल (वजनाचा मध्यबिंदू) पुढे घ्या, दगडासारखं खाली आलं तर मागे. यासाठी कपॅसिटरच पुढे-मागे सरकवता येईल अशी जागा पोटात ठेवली तर वेगळं वजन लागत नाही. साध्या शेपटीच्या विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या तीस ते चाळीस टक्क्यांत येतो.

मैदान आणि वारा जमत नसेल तर शाळेचं सभागृह किंवा रिकामं मंगल कार्यालय मिळवा. वर पंखे असतील तर ते बंद, आणि झुंबर असेल तर दुसरं सभागृह.

ग्लाइड एकदा मनासारखा झाला की पंख, शेपूट, रडर आणि तोल यांना पुन्हा हात लावायचा नाही. मोटर चालू असताना जे बिघडेल ते मोटरच्या दिशेनेच सुधारायचं. सगळ्या दुरुस्तीचा कणा हाच आहे, म्हणून त्याचं कारण नीट सांगतो.

मागून पाहिलं तर प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो असं धरा. त्याची उलट पिळवट विमानाला डावीकडे लोळवते. ही पिळवट सुटताना सर्वांत जास्त असते, कपॅसिटर उतरतो तशी घटते आणि मोटर थांबली की शून्य होते. आता तुम्ही रडर उजवीकडे वाकवलात. मोटर पूर्ण जोरात असताना तो पिळवटीला कसाबसा पुरतो. अर्ध्या उड्डाणात पिळवट निम्मी होते, पण रडर तितकाच वाकलेला राहतो. विमान उजवीकडे कलायला लागतं आणि मोटर थांबल्यावर उजव्या चक्रात शिरतं. पाहणाऱ्याला वाटतं, ‘आत्ता डावीकडे जात होतं, आता उजवीकडे, याचा काही नेमच नाही.’ नेम आहे. रडर बदलत नाही, पिळवट बदलते, एवढंच.

मोटरचं तोंड दोन-तीन अंश उजवीकडे फिरवलं तर सुधारणा प्रोपेलरच्या ओढीतून येते. ओढ आणि पिळवट दोन्ही फेऱ्यांच्या वर्गाबरोबर बदलतात, म्हणून दुखणं आणि औषध एकाच वेगाने कमी होतात आणि मोटर थांबली की दोन्ही नाहीसे होतात. मागे राहतो तो तुम्ही आधी जुळवलेला ग्लाइड. नाक वर करून लटकण्याचंही तसंच. मोटरच्या जोरावर वेग वाढतो, पंखाचा उचल वाढतो, नाक उठतं. त्यासाठी मोटरचं तोंड तीन ते पाच अंश खाली करायचं, म्हणजे डाउनथ्रस्ट. नाकात माती भरली तर मोटर चालू असताना बरं वाटतं आणि ग्लाइड मरतो.

अंश मोजायला कोनमापक लागत नाही. मोटरची बैठक १५ मिलिमीटर लांब असेल तर तिच्या एका टोकाखाली १ मिलिमीटरची पट्टी म्हणजे जवळपास चार अंश. साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीचा तुकडा म्हणजे सुमारे एक अंश. एका वेळी एकच तुकडा, एकाच दिशेने.

आणि पहिलंच उड्डाण पूर्ण चार्जवर करायचं नाही. रबरवाले आधी थोडेच पीळ देऊन बघतात, तसं आपण १.५ व्होल्टने सुरुवात करायची. २.५ व्होल्टच्या मानाने तेव्हा पिळवट छत्तीस टक्के असते. विमान चढणार नाही, ग्लाइड नुसता लांबेल. पण कल कुठे आहे ते हळुवारपणे कळेल आणि आपटलं तरी मोडणार नाही. मग १.८, मग २.१, मग २.५. कुठल्या पायरीवर बिघडतं ते कळलं की उपायही कळतो. प्रत्येक पायरीवर थोडा डावा कल दिसत असेल तर घाबरू नका. पिळवट पूर्णपणे मारून विमान सरळ उडवण्याचा हट्ट मला पटत नाही. इतक्या कमी जोराच्या विमानाला डावीकडेच मोठं चक्र घेऊ द्यावं, दहा-पंधरा मीटर व्यासाचं. सभागृहात उडवणारे रबरवाले पिळवटीच्या दिशेनेच वळतात आणि डावा पंख पडू नये म्हणून त्याला थोडा पीळ देतात, मागची कड किंचित खाली. आपल्या नमुन्यात २ मिलिमीटर पुरतात, म्हणजे दीड अंश. मात्र हा पीळ ग्लाइडमध्येही राहतो, म्हणून तो दिल्यावर ग्लाइड पुन्हा तपासावा लागतो.

एवढं करूनही तक्रार परत येत असेल, म्हणजे आठवडाभर नीट आणि मग अचानक बिघाड, तर मोटरची बैठक बघा. नाकावर आपटलेल्या विमानात मोटर १ मिलिमीटर सरकली तरी चार अंश गेले. तुम्ही दोन कार्डांच्या तुकड्यांनी जुळवलेलं सगळं एका आपटण्यात धुऊन जातं आणि डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून ट्रिम जमलं की मोटरच्या बाजूने आणि वरून पेन्सिलने बारीक रेघ ओढून ठेवा, अर्धी मोटरवर, अर्धी बैठकीवर. रेघ तुटलेली दिसली की कारण सापडलं. थर्माकोलला थेट हॉट ग्लूने चिकटवलेली मोटर मला कधीच भरवशाची वाटलेली नाही. मोटर तापते, ग्लू मऊ होतो, उन्हात उभ्या असलेल्या गाडीत विमान राहिलं तरी हेच होतं. बाल्सा या हलक्या लाकडाची छोटी पट्टी फेविकॉलने नाकात बसवावी, तिच्यावर कागदाची नळी आणि नळीत मोटर घट्ट सरकवावी. फेविक्विकसारखं झटपट चिकटणारं द्रव्य थर्माकोलला लावू नका, ते त्याला खाऊन टाकतं.

मग प्रोपेलर. ड्रोनचे प्रोपेलर दोन प्रकारचे येतात, दोन्ही दिशांनी फिरणाऱ्या मोटरसाठी. चुकीचा बसवून तारा उलट्या केल्या तरी विमान पुढे जातं, पण मग पिळवट उजवीकडे लागते आणि तुमचे सगळे तुकडे उलट्या बाजूला काम करतात. शिवाय या छोट्या मोटरचे ब्रश बहुधा एका दिशेला अनुकूल बसवलेले असतात. लाल-निळ्या तारांची मोटर आणि काळ्या-पांढऱ्या तारांची मोटर वेगळी असते ती त्यासाठीच. उलट फिरवली तर तीच मोटर जास्त प्रवाह खाते आणि कमी फिरते. प्रोपेलर उताणा बसवणं तर फारच सोपं आहे: अक्षरं छापलेली किंवा फुगीर बाजू पुढे, विमान जाईल त्या दिशेला.

‘हातात धरलं तर जोरात ओढतं, हवेत चढत नाही’ या तक्रारीचं मूळही प्रोपेलरमध्येच असतं. ड्रोनचा प्रोपेलर एका जागी तरंगण्यासाठी केलेला, त्याची पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर, कमी. समजा पिच २५ मिलिमीटर आणि फेरे मिनिटाला १२,०००. म्हणजे सेकंदाला २०० फेरे, प्रत्येक फेऱ्याला २५ मिलिमीटर, हवेत स्क्रूसारखा तो सेकंदाला ५ मीटरच पुढे जाऊ शकतो. विमान ४ मीटरने उडतंय. जमिनीवर मिळणारी ओढ हवेत बरीचशी नाहीशी होते. कपॅसिटर थोडा उतरून फेरे ९,६०० झाले की प्रोपेलरचा वेग आणि विमानाचा वेग सारखाच, ओढ जवळपास संपली. यावर जास्त चार्ज हा उपाय नाही. जास्त पिचचा प्रोपेलर बसवा. श्रीखंडाच्या गोल डब्याच्या भिंतीतून पाती कापता येतात. उभ्या रेषेशी साधारण पंधरा अंश तिरपी कापली की डब्याच्या गोलाईमुळे पात्याला आपोआप पीळ येतो. पातळ कडेने घासून दोन्ही पात्यांचं वजन सारखं करा. मात्र प्रत्येक नव्या प्रोपेलरबरोबर मोटरचा प्रवाह मोजा. आपल्या नमुन्याला अर्ध्या अँपिअरच्या आसपास पुरतं. एका अँपिअरकडे जाऊ लागला तर मोटर तापून मरेल आणि कपॅसिटर काही सेकंदांत रिकामा होईल.

जोडांकडेही एकदा बघा. मोटर चालू ठेवून आधी कपॅसिटरच्या पायांवर आणि मग मोटरच्या तारांच्या मुळाशी व्होल्टेज मोजा. दोन्हींत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर मधला स्विच किंवा सोल्डर दोषी. अर्ध्या अँपिअरला अर्धा ओहम म्हणजे पाव व्होल्ट, एक दशांश व्होल्टेज तिथेच अडतो आणि ओढ एकोणीस टक्क्यांनी घटते. छोटे सरकते स्विच दमट हवेत काळे पडतात, कोकणात आणि पावसाळ्यात तर फारच लवकर. स्विच काढून टाकून साधी टाचणी-सॉकेटची जोडणी केली तर वजनही वाचतं. मोटरच्या केसासारख्या तारा मुळाशी तुटतात, तिथे फेविकॉलचा एक थेंब ठेवा.

कपॅसिटर सोडून लिथियम पॉलिमरचा एक सेल लावावा असं अनेकांना वाटतं. ३० एमएएचच्या सेलमध्ये ४०० ज्यूल असतात, कपॅसिटरच्या बारा-तेरा पट, आणि वजन उलट कमीच. पण ट्रिम जमेपर्यंत मी तो सुचवणार नाही. ४.२ व्होल्टचा पूर्ण धक्का पहिल्याच सेकंदाला बसतो, थोड्या जोराने चाचणी घेण्याची सोय नाही. आणि टायमरशिवाय ट्रिम जमलं तर तीन मिनिटं चढून विमान शंभर मीटरवर जाईल, तिथला वारा त्याला पुढच्या गावाला नेईल. आधी टायमर, मग सेल.

शेवटचा संशय मोटरवर घ्यायचा, आणि तो मोजून. या मोटरना लोखंडी गाभा नसतो. जर्मनीत फ्रिट्झ फाउलहाबर यांनी १९५८ च्या सुमारास तिरप्या गुंडाळीची अशी मोटर आणली, आणि १९६० मध्ये फ्रेड मिलित्की यांचं ‘सायलेंटियस’ हे विजेवरचं फ्री-फ्लाइट विमान ग्राउप्नर कंपनीने बाजारात आणलं. हलकेपणाची किंमत म्हणजे बारीक ब्रश आणि बारीक अक्ष. नवी मोटर बसवली की २.५ व्होल्टच्या स्थिर पुरवठ्यावर, प्रोपेलरसह, तिचा प्रवाह वहीत लिहून ठेवा. पुढे कधी तोच प्रवाह वाढलेला दिसला आणि फिरण्याचा आवाज खाली उतरलेला असला, तर अक्ष वाकलाय किंवा प्रोपेलर नाकाला घासतोय. प्रवाह कमी आणि उड्या मारणारा असला, मोटर बोटाने ढकलल्याशिवाय सुरू होत नसली, तर ब्रश झिजलेत. अशी मोटर उघडून दुरुस्त होत नाही, बदलायची. बदलताना पेन्सिलची रेघ, कार्डाचे तुकडे आणि तारांचे रंग तसेच ठेवा आणि पहिलं उड्डाण पुन्हा १.५ व्होल्टवर करा.